ग्रेट डेनच्या पिल्लाचं खाणं आणि माझी चूक

आमचं पिल्लू चार महिन्यांचं असताना पुढच्या पायाने लंगडायला लागलं, सकाळी उठताना तर पाय टेकवायलाच बघायचं नाही, जीव नुसता कासावीस व्हायचा. मी काय करत होतो, तर एवढं मोठं होणारं कुत्रं म्हणून साधं पपी फूड वाटी भरभरून, आणि वर रोज चमचाभर कॅल्शियम पावडर! डॉक्टरांनी आधी पावडर बंद करायला लावली. या वयात पिल्लांचं शरीर जास्तीचं कॅल्शियम नीट अडवू शकत नाही, ते शोषलं जातं आणि हाडांची वाढ बिघडते, शिवाय वजन भराभर वाढलं की कोवळ्या सांध्यांवर भार येतो. मग हळूहळू आठवड्याभरात लार्ज ब्रीड पपी फूडवर आणलं, पाकिटावर कॅल्शियम 1.2 टक्क्यांच्या आसपास बघूनच घेतलं (1.8 च्या वर तर नकोच). वाटी बाजूला ठेवून वजनकाट्यावर मोजून, दिवसातून तीनदा. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या हलक्या लागल्या पाहिजेत पण दिसता कामा नयेत, हे मी अजून दर रविवारी बघतो. दीड महिन्यात लंगडणं थांबलं. दीड वर्षाचा होईपर्यंत हेच खाणं चालू ठेवणार.