मिश्ने तोरा वाचू लागताना

यहुदी धर्मशास्त्राची ओढ लागलेल्या, पण सुरुवात कुठून करावी हे उमगत नसलेल्या मराठी वाचकांसाठी मी हा अनुभव लिहीत आहे. मोशे बेन मैमोन, ज्यांना परंपरा रंबाम म्हणते, यांचा ‘मिश्ने तोरा’ हा यहुदी कायद्याचा संग्रह मी प्रथम हाती घेतला तेव्हा ग्रंथ पहिल्या पानापासून वाचायचा असतो या सवयीने पहिले प्रकरण उघडले. मला कायदा वाचायचा होता आणि समोर आले ईश्वराचे एकत्व, देवदूतांच्या श्रेणी, आकाशातील गोलक आणि चार महाभूते. ग्रंथ कित्येक महिने बाजूला पडला.

आज कोणी विचारले तर मी सातव्या पुस्तकातील ‘गरिबांना द्यावयाची दाने’ या विभागाचे दहावे प्रकरण प्रथम वाचायला सांगतो. तेथे दानाच्या आठ पायऱ्या आहेत. सर्वांत खालची पायरी नाखुशीने देणाऱ्याची, आणि सर्वांत वरची अशा माणसाची, जो गरजूला भेट, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागणार नाही अशा स्थितीत आणतो. भाषा ‘मिश्ना’ या मौखिक कायद्याच्या प्राचीन संकलनाच्या धर्तीची, आटोपशीर हिब्रू आहे. व्याकरणाची प्राथमिक ओळख असलेल्यालाही ती शब्दकोशाच्या आधाराने वाचता येते, जे मिश्नावर आधारलेल्या ‘तालमुद’ या ग्रंथातील अरामी भाषेतल्या चर्चांविषयी म्हणता येत नाही.

खरी अडचण भाषेची नाहीच. जुन्या कैरोतील फुस्तात येथे साधारण दहा वर्षे खपून ११८० च्या सुमारास रंबाम यांनी पूर्ण केलेल्या या १४ पुस्तकांत बहुतेक नियम आधाराविना, निर्णयाच्या स्वरूपात येतात. तोरानंतर, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांनंतर, हा एक ग्रंथ वाचला की मौखिक परंपरेचा सगळा कायदा कळावा, मध्ये दुसऱ्या ग्रंथाची गरज पडू नये, असा त्यांचा हेतू होता. नवख्याला यामुळे वाटते की सगळे ठरलेले आहे, मलाही वाटले. एका शिक्षकांनी मला पश्चात्तापाच्या नियमांतील तिसरे प्रकरण रबद या समकालीन टीकाकाराच्या टिपणांसह वाचायला लावले, तेव्हा डोळे उघडले. ईश्वराला देह आहे असे मानणारा पाखंडी, असा नियम रंबाम देतात. त्यावर दक्षिण फ्रान्समधील पोस्कियेरचे रबद, म्हणजे अब्राहम बेन दाविद, लिहितात की याच्याहून, म्हणजे रंबामहून, थोर आणि चांगल्या माणसांनी शास्त्रवचनांच्या आधारे तसे मानले आहे, मग त्यांना पाखंडी का म्हणावे? त्यांना स्वतःला हा देहवाद मान्य असल्याचे यातून सिद्ध होत नाही. आक्षेप आहे तो शिक्का मारण्याला. हा फरक टिपता येणे म्हणजेच हा अभ्यास होय, असे मला वाटते.

म्हणून प्रत्येक नियमाशेजारी ‘केसेफ मिश्ने’ ठेवावे. योसेफ कारो यांच्या या टीकेत नियमाचे तालमुदी मूळ शोधलेले असते. छापील प्रतीत टीका ‘राशी’ या टीकाकाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लिपीत असते, आणि तिची अक्षरे नेहमीच्या हिब्रूपेक्षा इतकी निराळी आहेत की दोन आठवडे केवळ त्यांच्यासाठी राखून ठेवणे हिताचे ठरते. मूळ सापडले नाही तर निराश होऊ नये. एका न्यायाधीशाने नियमाचा आधार विचारला असता तो खुद्द रंबाम यांनाही चटकन सापडला नव्हता. तो न्यायाधीश निघून गेल्यावर, हा आधार तालमुदाच्या घटस्फोटाविषयीच्या ‘गिट्टीन’ या भागात ओघाने आल्याचे त्यांना आठवले, आणि ही हकीगत त्यांनी अलेक्झांड्रियाच्या न्यायाधीश पिनहास यांना स्वतः कळवली. आधारांचे वेगळे पुस्तक लिहिण्याचा त्यांचा मनोदय होता.

ग्रंथासोबत त्यांची पत्रेही अवश्य वाचावीत. भारताकडे व्यापारासाठी निघालेला धाकटा भाऊ दाविद समुद्रात बुडाला, त्याविषयी आठ वर्षांनंतर लिहिलेल्या पत्रातही दुःख ताजे आहे. दक्षिण फ्रान्समधील ल्युनेलच्या विद्वानांना ते लिहितात की भारतातील यहुद्यांना लिखित तोरा ठाऊक नाही, ते केवळ शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात. समाजाचे नाव ते घेत नाहीत; पण शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या शनिवार तेल्यांची, आपल्या बेने इस्राएलांची, आठवण मला त्या ओळीवर प्रत्येक वेळी होते, आणि त्या पत्रासाठी मी आता मध्ययुगीन हिब्रू पत्रलेखनाची शैली शिकत आहे.