लिझर बॅटरी 'गेली' म्हणण्याआधी: कॅम्पर व्हॅनमधल्या या चुका टाळा

"बॅटरी गेली, आता कोणती घेऊ?" असा प्रश्न आला की मी उलट विचारतो, व्होल्टेज किती आहे आणि ते कुठे मोजलं? पुढे बहुधा शांतता. मल्टिमीटर नसतो, किंवा असतो पण खोक्यातून बाहेर आलेला नसतो. व्हॅनच्या मागच्या भागातले दिवे, पंप, फ्रिज चालवणारी ही लिझर बॅटरी तशी सोशिक असते. ती आपणहून मरत नाही, तिला मारावं लागतं. बरेचदा तर ती मेलेलीही नसते.

न मोजता बॅटरी बदलणं

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. या चुकीची मला सगळ्यात जास्त चीड येते, कारण तिच्यात धडधाकट बॅटऱ्या भंगारात जातात.

ओळखीतल्या एका गृहस्थांच्या व्हॅनमधला फ्रिज पहाटे बंद पडायचा. शंभर अँपिअर-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) एजीएम, म्हणजे आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली बॅटरी होती, फार जुनीही नव्हती. कोणीतरी "कमजोर झालीय" म्हणालं, यांनी बदलली. फ्रिज पहाटे बंदच. मग तिच्या जोडीला दुसरी आणली. फ्रिज थोडा उशिरा बंद पडू लागला, एवढाच फरक. आता लिथियम घ्यायचं चाललं होतं, तेव्हा कुठे गाडी माझ्यासमोर उभी राहिली.

कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर १२.५ व्होल्ट होते आणि फ्रिजच्या सॉकेटवर ११.१. म्हणजे १.४ व्होल्ट वाटेतच गायब. मीटरची एक पिन फ्यूज होल्डरच्या या टोकाला लावली, दुसरी त्या टोकाला. एकट्या होल्डरवर ०.८ व्होल्ट पडत होते. हात लावला तर तो चांगलाच तापलेला. आतली पकड सैल होऊन काळी पडली होती. उरलेला तोटा लांबलचक बारीक वायरचा. ती दिव्यांसाठी टाकली होती आणि फ्रिजही तिच्यावरच लटकवला होता.

बॅटरीत काय आहे याच्याशी फ्रिजला देणंघेणं नसतं. त्याच्यापर्यंत जे पोचतं तेच त्याला दिसतं. संध्याकाळी बॅटरी भरलेली असते तेव्हा हा तोटा खपून जातो. पहाटे बॅटरी १२.१ वर आली की फ्रिजला १०.७ मिळतात, आणि बॅटरी संपली असं समजून तो बंद होतो. नवा होल्डर आणि जाड केबल टाकली, विषय संपला. आधीची बॅटरी बहुधा ठणठणीत असावी, पण ती तोवर भंगारात गेली होती.

तेव्हा मोजायचं ते लोड चालू ठेवून. करंट वाहत नसेल तर खराब जोडही निष्पाप दिसतो. बॅटरीपासून उपकरणापर्यंत प्रत्येक लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं), फ्यूज, स्विच यांच्या दोन्ही बाजूंना पिना टेकवत जायचं. एका जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की मी तो उघडतो. सुरुवात मी नेहमी निगेटिव्हकडून करतो, कारण तिकडे कोणी बघतच नाही. रंग न खरवडता बॉडीला मारलेला अर्थिंगचा बोल्ट हा ठरलेला गुन्हेगार. दुसरा गुन्हेगार म्हणजे लग आणि टर्मिनल यांच्या मधे घातलेला स्टीलचा वॉशर. स्टेनलेस स्टील तांब्याच्या मानाने अगदीच सुमार वाहक आहे. लग थेट टर्मिनलवर टेकला पाहिजे, वॉशर त्याच्या वर.

शिशाच्या बॅटरीला अर्धपोटी ठेवणं

"अर्धा तास गाडी चालवली ना, झाली असेल फुल." नाही झाली. शिसे-आम्लाची बॅटरी, मग ती साधी पाण्याची असो, एजीएम असो की जेल, साधारण ८० टक्क्यांपर्यंत भराभर चार्ज घेते आणि उरलेल्या वीस टक्क्यांना कित्येक तास लावते. चार्जर १४.४ व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो आणि करंट हळूहळू उतरत जातो. तेवढा धीर नसलेली माणसं नेमकी इथेच प्लग काढतात. घाईला इथे काही औषध नाही. मोठा चार्जर आणला तरी शेवटचा टप्पा फारसा आटपत नाही.

न भरलेल्या भागाचं काय होतं? बॅटरी वापरली की प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच पूर्ण चार्ज केली तर ते विरघळतं. तसंच राहू दिलं तर त्याचे कडक स्फटिक बनतात आणि प्लेटचा तेवढा भाग कामातून जातो. केटलीच्या तळाशी क्षार धरतो तसंच, फक्त इथे घासायची सोय नाही. शंभरची बॅटरी मग साठची होते, आणि चार्जर ती साठ भरली की इमानदारीत हिरवा दिवा लावतो. सल्फेट घालवणाऱ्या पुड्या, पाण्यात टाकायचं मीठ, कंप देणाऱ्या डब्या यांच्याबद्दल मला विचारू नका. त्यांवर खर्च करण्यापेक्षा रात्रभर चार्जर लावून ठेवा.

त्यात चार्जर काढल्या काढल्या मीटर लावायचा आणि १३.२ बघून खूश व्हायचं! तो पृष्ठभागावरचा चार्ज असतो, थोड्या वेळात ओसरतो. सगळं बंद करून बॅटरी काही तास निवांत ठेवा आणि मग बघा. साधारण १२.७ म्हणजे भरलेली (एजीएममध्ये थोडं जास्त), १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर चार्जिंग उद्यावर ढकलू नका. माझी सवय अशी की प्रवासाहून परतलो की सामान उतरवण्याआधी चार्जर लावायचा.

नव्या इंजिनांची आणखी एक गंमत आहे. त्यांचा स्मार्ट अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज मधेच खाली आणतो. इंजिन चालू झालं की पुढची-मागची बॅटरी जोडणारा जुन्या पद्धतीचा साधा रिले अशा गाडीत दिवसभराच्या ड्रायव्हिंगनंतरही मागची बॅटरी पूर्ण भरत नाही. तिथे बॅटरीला हवं तेवढं व्होल्टेज स्वतः बनवून देणारा डीसी-टू-डीसी चार्जरच लागतो.

थोडक्यात आटपण्यासारख्या

गाडी सुरू करायची बॅटरी मागे वापरणं. तिच्या पातळ प्लेटा क्षणभर मोठा करंट द्यायला बनवलेल्या असतात, रात्रभर हळूहळू उपसायला नव्हे.

जुनी आणि नवी बॅटरी पॅरलल जोडणं. जुनी नवीला आपल्या पातळीवर आणते.

पॅरलल जोडीत पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही एकाच बॅटरीवरून काढणं. एकीवरून पॉझिटिव्ह घ्या, दुसरीवरून निगेटिव्ह, म्हणजे दोघी सारख्या राबतात.

चार्ज करण्याआधीच पाणी काठोकाठ भरणं. चार्जिंगमध्ये पातळी वाढते आणि आम्ल बाहेर येतं. प्लेटा बुडतील एवढं आधी, बाकीचं नंतर. पाणी डिस्टिल्डच, आणि आम्ल कधीही घालायचं नाही.

पाण्याची बॅटरी हवाबंद पेटीत कोंबणं. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. बाहेर जाणारी नळी हवीच.

फ्यूज उपकरणाजवळ लावणं. फ्यूज केबलला वाचवायला असतो, त्यामुळे तो बॅटरीजवळ हवा.

सोलर कंट्रोलरला आधी पॅनल जोडणं. आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना उलट.

इन्व्हर्टरवर १००० वॉटचं उपकरण लावून बॅटरीला नावं ठेवणं. १२ व्होल्टवर त्याला ९० अँपिअरच्या आसपास लागतात. शंभरची शिशाची बॅटरी त्या वेगाने तासभरही टिकत नाही, आणि तो तिचा दोष नाही.

लिथियम घेतलं म्हणजे सुटलो

सुटला नाहीत, चुका बदलल्या. लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज बराच काळ १३.२ च्या आसपास सपाट राहतं. त्यावरून किती उरलंय ते ओळखता येत नाही. त्यासाठी शंटवाला (निगेटिव्हमध्ये बसवलेल्या पट्टीतून आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा) मॉनिटर लागतो, आणि प्रत्येक निगेटिव्ह वायर शंटच्या पलीकडे जोडलेली हवी. एक जरी थेट बॅटरीवर राहिली तरी टक्के खोटे.

शून्य अंशाखालच्या तापमानात या बॅटरीला चार्ज द्यायचा नाही, सेलमध्ये धातूरूपी लिथियम जमून कायमचं नुकसान होतं. जुन्या चार्जरमधला इक्वलायझेशनचा (शिशाच्या बॅटरीला मुद्दाम जास्त व्होल्टेज देण्याचा) मोडही बंद ठेवा. आणि टर्मिनलवर जवळपास शून्य व्होल्ट दिसले म्हणून लगेच रडारड नको. बॅटरी फार उतरली की आतल्या बीएमएसने (बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने) स्वतःच दार लावून घेतलेलं असतं. लिथियम मोड असलेला चार्जर बहुतेक वेळा तिला उठवतो. साधा चार्जर समोर व्होल्टेज दिसल्याशिवाय सुरूच होत नाही, म्हणून लोक ती मेली असं समजतात.

उभ्या गाडीतली गळती

महिनाभर गाडी उभी होती, सगळं बंद होतं, तरी बॅटरी उतरली. सगळं बंद नव्हतं. गॅस डिटेक्टर, रेडिओची मेमरी, स्टँडबायवरचा इन्व्हर्टर मिळून ०.१ अँपिअर जरी खात असले तरी दिवसाला २.४ अँपिअर-अवर होतात आणि महिन्याला ७२. गाडी उभी करताना मेन स्विच बंद करा, आणि सोलर किंवा गॅस डिटेक्टर त्या स्विचला वळसा घालून जोडलाय का तेही बघा.

चोर शोधायचा तर निगेटिव्हमध्ये अँपिअरवर लावलेला मीटर सिरीजमध्ये घाला आणि एकेक फ्यूज काढत जा. आकडा जिथे पडेल तो चोर. एवढं होईपर्यंत पंप आणि इन्व्हर्टरला हात लावू नका. साधा मीटर १० अँपिअरपर्यंतचा असतो. त्याचा फ्यूज एकदा उडाला की अँपिअर मोजणं थांबलं, आणि तो फ्यूज पटकन मिळतही नाही.