डोळ्यात बुरशी, ड्रॉप टाकूनही फरक नाही? या चुका टाळा

उसाचं पाचट लागलं, सोयाबीन काढताना डोळ्यात कचरा गेला आणि दोन-चार दिवसांत बुबुळावर पांढरट ठिपका दिसायला लागला, तर पहिली चूक होते ती मेडिकलच्या काउंटरवर. "डोळा लाल झालाय, काहीतरी द्या" म्हटलं की हातात स्टिरॉइडवाला ड्रॉप पडू शकतो, त्याने लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशीला मोकळं रान. घटकांमध्ये डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन असलं काही दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही नको. नायट्यावरची ट्यूब तर डोळ्याजवळ पण नेऊ नका.

दुसरी गडबड म्हणजे "भारी औषध द्या ना डॉक्टर". नाटामायसिन ५ टक्के हा बुरशीवरचा जुना ड्रॉप, म्हणून लोकांना नवं व्होरिकोनाझोल जास्त पॉवरफुल वाटतं. पण दक्षिण भारतातल्या अरविंद या डोळ्यांच्या हॉस्पिटलांमध्ये या दोघांची समोरासमोर ट्रायल झाली, २०१३ मध्ये निकाल छापून आला आणि नाटामायसिनच सरस ठरलं, त्यातही फ्युजेरियम बुरशीत फरक मोठा होता. शेतातल्या काडीकचऱ्यातून बहुतेक वेळा हीच नाहीतर अ‍ॅस्परजिलस येते. कॅन्डिडा निघाली तर गणित वेगळं, तिथे डॉक्टर बऱ्याचदा अ‍ॅम्फोटेरिसिन बी देतात. म्हणून बुबुळावरची जखम खरवडून तपासणी करायला सांगितली तर टाळू नका, कोणती बुरशी ते कळल्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार.

आता खरी मेख. नाटामायसिन हे सस्पेन्शन आहे, औषध तळाशी बसतं, बाटली न हलवता टाकलं तर डोळ्यात नुसतं वरचं पाणी जातं. प्रत्येक वेळी नीट हलवा. जखमेवर पांढरा थर चिकटला तर घाबरून कापसाने पुसू नका, बऱ्याचदा ते औषधच असतं (पू आहे की काय ते डॉक्टरांना बघू दे). शिवाय हे आत खोलवर फारसं शिरत नाही, म्हणून तर सुरुवातीला तासातासाला टाकायला सांगतात, "दिवसातून चार वेळा टाकलं की झालं" हे इथे चालत नाही. दोन ड्रॉप असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो.

अ‍ॅम्फोटेरिसिनचा ड्रॉप इंजेक्शनपासून बनवून देतात, तो फ्रिजमध्ये, उजेडापासून लांब ठेवायचा, आणि तो सलाइनमध्ये कालवायचा नसतो, साका बसतो, त्यामुळे घरी असले प्रयोग नकोत.

दुखणं थांबलं म्हणून आठवड्यात ड्रॉप बंद करणारे खूप आहेत. बुरशी हळू मरते, औषध तीन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त चालतं.

आणि डोळ्यातून अचानक गरम पाणी आल्यासारखं वाटलं, नजर एकदम गेली, तर बुबुळाला भोक पडलेलं असू शकतं. डोळा दाबायचा नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं, रात्र असली तरी.