नदीचं पाणी कुठे मुरतं, कुठे वर येतं? नळी ठोकून पाहा

काठावरच्या विहिरीला नदीचं पाणी येतं, की विहिरीचं पाणी नदीला जातं? यावर गावात दोन तट पडतात आणि पुष्कळदा दोन्ही बरोबर असतात. नदीचा तळ सपाट नसतो. शंभर पावलांत ती एकीकडे पाणी मुरवते आणि दुसरीकडे परत घेते.

आधी जागा निवडा. दिवाळीनंतर पाणी नितळ, गुडघाभर झालं, की डोह संपून खळाळ सुरू होतो असा वाळू-गोट्यांचा पट्टा शोधा. नुसता कातळ नको. कुकडीवरचे निघोजचे रांजणखळगे कितीही देखणे असले, तरी अखंड बसाल्टमधून पाणी जातं ते फटींवाटेच. तिथे नळी शिरायचीही नाही. वर धरण असेल तर पाणी कधी सोडतात ते विचारूनच उतरा.

दीड मीटर लांब, पाऊण इंची जीआय पाइप घ्या. खालचं टोक चेपून बंद करा आणि त्याच्या लगत १० सेंटिमीटर भागात बारीक भोकं पाडा. ही नळी नदीच्या तळात ४० सेंटिमीटर ठोका. आत पाणी ओतून बघा: ते जागचं हललंच नाही, तर भोकं गाळाने बुजली आहेत, नळी उपटून धुवा. पातळी स्थिरावली, की नळीच्या वरच्या काठापासून आतलं पाणी किती खाली आहे ते खडू फासलेल्या काडीने मोजा. मग त्याच काठापासून बाहेरचं मोजा. वाहतं पाणी नळीवर आदळून चढतं, त्यामुळे बाहेरचं माप जरा बाजूला घ्यावं.

असं तीन ठिकाणी करा: खळाळाच्या तोंडाशी, मध्ये आणि पुढचा डोह लागतो तिथे. तोंडाशी बहुधा आतली पातळी बाहेरच्यापेक्षा खाली भरते, म्हणजे पाणी मुरतंय. तळाचा उंचवटा छोट्या बांधासारखा असतो. मागचं पाणी उंच, पुढचं सखल, आणि या फरकाने थोडं पाणी गोट्यांच्या आतून ढकललं जाऊन पुढे वर येतं. नदीच्या वळणावरही ते असंच आतल्या काठाच्या वाळूतून आडवाटेने जातं.

आतल्या-बाहेरच्या पातळीतला फरक २ सेंटिमीटर असेल, तर नळी ठोकलेल्या ४० सेंटिमीटर खोलीने भागून पाण्याच्या दाबाचा उतार आला ०.०५. पण एवढ्यावर पाणी किती ते सांगू नका. फ्रेंच अभियंते हेन्री दार्सी यांनी १८५६ मध्ये मांडलेल्या, वाळूतून पाणी किती पाझरतं याच्या नियमात उताराइतकंच वजन वाळूच्या पाझरक्षमतेला आहे. गाळाने चोंदलेल्या तळात तोच फरक असूनही पाझर नगण्य असतो.

आता खरी गंमत. वर येणारं पाणी नदीचंच आहे की भूजल? थंडीत पहाटे थर्मामीटर नळीत सोडा. विहिरीसारखं कोमट लागलं तर भूजल. नदीइतकंच गार असेल तर बहुधा नदीचंच पाणी तळाखालून चक्कर मारून आलंय. तिन्ही नळ्यांत पातळी बाहेरच्यापेक्षा वर असेल, तर त्या पट्ट्यात भूजलच नदीला पोसतंय. नदीची धार मार्चपर्यंत टिकली तर तेव्हा पुन्हा मोजा, कारण भूजल उतरलं की उत्तर उलटू शकतं.

वाळू उपसलेल्या पट्ट्यातही एक नळी ठोकाच. उंचवटा गेलेला असतो, त्यामुळे मुरण्या-उमळण्याचा हा खेळ तिथे मंदावतो. शिवाय तळ खाली गेल्याने काठच्या विहिरींचं पाणी नदीकडे ओढलं जातं. गवंड्याकडून लेव्हल पाइप मागून आणा आणि विहिरीची पातळी नदीशी ताडून पाहा.