हिमवादळात प्रोपेनवर घर गरम ठेवताना या चुका टाळा

बाहेर उणे 20 अंश सेल्सिअस आणि घर गार पडलं की पहिला संशय गॅसवर जातो. "गॅस गोठला असणार." पण घर तापवायला टाकीत द्रवरूपात साठवलेला प्रोपेन वायू इतक्या सहज गोठत नाही. उणे 42 अंशांपर्यंत तो उकळत, म्हणजे द्रवाचा वायू होत राहतो. हिमवादळात दगा देतात त्या त्याच्या भोवतालच्या गोष्टी: धूर बाहेर जायची वाट, रेग्युलेटरचं छिद्र, वीज, आणि बंद रस्त्यामुळे न पोचलेला टँकर. आणि यांतलं काही बिघडलं की घाईघाईने केलेले उपाय.

आधी वाट, मग गाडी, शेवटी व्हेंट

वादळ ओसरलं की फावडं आधी दारासमोर चालतं, मग गाडीभोवती. भिंतीतून बाहेर आलेले फर्नेसचे (घर तापवणाऱ्या गॅसभट्टीचे) धूर सोडणारे पाइप, म्हणजे व्हेंट, सगळ्यांत शेवटी आठवतात. हा क्रम उलटा हवा, कारण गाडी निघायला उशीर झाला तर फक्त उशीर होतो, पण व्हेंट बुजला तर जीव जातो.

नव्या, जास्त कार्यक्षम फर्नेसचा धूर फारसा गरम नसतो आणि त्यात बाष्प भरपूर असतं. तो छपरावरच्या चिमणीऐवजी प्लॅस्टिकच्या पाइपने बाजूच्या भिंतीतून, बऱ्याचदा जमिनीपासून थोड्याच उंचीवर बाहेर पडतो. वाऱ्याने भिंतीशी साचलेला बर्फ तिथवर सहज चढतो. पाइप पूर्ण बुजला तर प्रेशर स्विच (हवेचा दाब ओळखणारी कळ) फर्नेस बंद करतो. घर गार पडतं, पण तेवढ्यावर निभावतं. अर्धवट बुजणं जास्त वाईट. तेव्हा बाहेर पडलेला धूर शेजारच्या हवेच्या पाइपातून परत आत ओढला जातो, ज्योतीला ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

म्हणून वादळ चालू असतानाच, सुरक्षितपणे बाहेर पडता येत असेल तर, दर काही तासांनी व्हेंट पाहा. भोवतालचा मीटरभर बर्फ हाताने किंवा मऊ झाडूने बाजूला करा. पाइपाच्या तोंडाशी आतून बर्फाचं कडं धरलंय का, वरून सुळका लोंबतोय का, तेही बघा. वॉटर हीटर, कपडे वाळवायचं यंत्र आणि गॅस फायरप्लेस यांचे व्हेंट वेगळे असतात; ते विसरू नका. मुळात पाइपाचं तोंड बर्फाच्या अपेक्षित पातळीपेक्षा किमान 30 सेंटिमीटर वर असायला हवं. तुमच्याकडे नसेल तर उन्हाळ्यातच ते वर घ्या.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही लक्षणं फ्लूसारखीच वाटतात. घरातल्या सगळ्यांना एकदमच बरं वाटेनासं झालं आणि बाहेर गेल्यावर हलकं वाटलं, तर तो फ्लू नाही. हा वायू ओळखणारा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ हवा, बॅटरीवर चालणारा किंवा बॅटरीची जोड असलेला. वादळात वीज जाणारच. चार वेळा वाजून थांबणं आणि पुन्हा चार वेळा वाजणं म्हणजे घरात कार्बन मोनॉक्साइड आहे. मिनिटाला एकदा टिक असा आवाज म्हणजे बॅटरी संपत आली किंवा अलार्मचं आयुष्य संपलं. अमेरिकी मानकाचे अलार्म 70 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 70 भाग) तासाभरानंतर, पण चार तासांच्या आत वाजतात आणि 400 पीपीएमला 4 ते 15 मिनिटांत. म्हणजे वाजला तेव्हा घरात तो वायू आधीपासून आहे. सगळ्यांना घेऊन लगेच बाहेर पडा आणि तिथून आपत्कालीन मदत बोलवा. खिडक्या उघडत बसू नका.

बाहेरची शेगडी आत आणणं

पॅटिओ हीटर, बार्बेक्यू, कॅम्पिंगची शेगडी किंवा बांधकामावरचा हीटर घरात, गॅरेजमध्ये किंवा बंद व्हरांड्यात लावू नका. "खिडकी थोडी उघडी ठेवतो" हे पुरत नाही. एक किलो प्रोपेन पूर्ण जळायला साधारण 13 घनमीटर हवा लागते आणि त्यातून 3 किलो कार्बन डायऑक्साइड आणि जवळपास 1.6 लिटर पाणी बाफेच्या रूपात बाहेर पडतं. काचांवरून ओघळ यायला लागले तर खोलीत धूर साचतोय असंच समजा. स्वयंपाकाचा ओव्हन उघडा ठेवून खोली तापवणं हीसुद्धा तीच चूक आहे.

घरात वापरण्यासाठीच बनवलेल्या बिनव्हेंटच्या हीटरमध्ये ऑक्सिजन कमी झाल्यावर, साधारण 18 टक्क्यांवर, ज्योत बंद करणारा सेन्सर असतो. तो चांगला आहे, पण तो कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. असा हीटर निर्मात्याने सांगितलेल्या आकाराच्या खोलीतच लावा, भोवती मीटरभर जागा मोकळी ठेवा आणि झोपण्यापूर्वी बंद करा. सुटे सिलिंडर घरात किंवा तळघरात साठवू नका.

जनरेटर घरापासून किमान 6 मीटर लांब हवा आणि त्याच्या धुराचं तोंड दारंखिडक्यांपासून उलट दिशेला. गॅरेजचं दार उघडं असलं तरी जनरेटर गॅरेजमध्ये चालवू नका.

टाकीला पांघरूण घालणं

ही चूक चांगल्या मनाने होते. टाकीला थंडी वाजतेय म्हणून कोणी तिच्यावर घोंगडी टाकतं, कोणी गरम पाणी ओततं, कोणी दिवा लावतं. ज्योत किंवा उघडा हीटर टाकीजवळ नेणं तर सरळ स्फोटाला आमंत्रण आहे. पण घोंगडीसुद्धा उलटं काम करते, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

द्रव प्रोपेनचा वायू व्हायला उष्णता लागते. ती टाकीच्या पत्र्यातून, बाहेरच्या हवेतून येते. हवा उणे 20 ला असली तरी उकळणाऱ्या प्रोपेनच्या मानाने ती गरमच. पांघरूण घातलं की ही उष्णता येणं थांबतं, द्रव आणखी थंड होतो आणि दाब आणखी उतरतो. टाकीवर जमलेला जाड बर्फही पांघरुणासारखाच. तो झाडूने काढा. ऊन पडलं तर टाकीला मिळू द्या.

दाब किती उतरतो ते पाहा. 20 अंशांना टाकीत सुमारे 7.4 बार (1 बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाब असतो, उणे 20 ला साधारण 1.4 बार, उणे 30 ला 0.7 बारच्या आसपास, आणि उणे 40 ला जेमतेम 0.1. हीटरला लागणारा दाब याहून कितीतरी कमी असल्यामुळे उणे 30 लाही काम भागतं. अडचण येते ती वेगाची. टाकी जितकी रिकामी तितका द्रवाला लागलेला पत्रा कमी, म्हणजे वायू तयार व्हायचा वेग कमी. 9 किलोच्या छोट्या सिलिंडरवर मोठा हीटर लावला, तर सिलिंडरच्या अंगावर दव गोठून पांढरा पट्टा दिसतो आणि ज्योत हळूहळू बारीक होते. उपाय म्हणजे मोठी टाकी, किंवा जाणकाराकडून दोन सिलिंडर जोडून घेणं, किंवा हीटरची आच कमी करणं. सिलिंडर आडवा करणं हा उपाय नाही. द्रव नळीत शिरतो आणि ज्योत भडकते.

तुमच्या भागात विकल्या जाणाऱ्या गॅसमध्ये ब्युटेन मिसळलेलं असेल तर मात्र बाहेर ठेवलेला सिलिंडर शून्याच्या आसपासच अडतो, कारण ब्युटेन जवळपास शून्य अंशांना उकळतं. थंडीसाठी शुद्ध प्रोपेनच मागून घ्या.

रेग्युलेटरवर फावडं

रेग्युलेटरला एक छोटं छिद्र असतं. त्यातून हवा आतबाहेर होऊन आतला पडदा हलतो. त्यावर बर्फाचा थर धरला की पडदा अडकतो आणि दाब कमी किंवा धोकादायक रीतीने जास्त होतो. एरवी निळी असणारी ज्योत अचानक उंच, पिवळी, फडफडणारी दिसली तर उपकरण बंद करा, टाकीचा व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवून बंद करा आणि पुरवठादाराला बोलवा. रेग्युलेटरवर हातोडा मारू नका आणि उकळतं पाणी ओतू नका. ते थोड्याच वेळात गोठून बर्फ आणखी वाढवतं. छिद्राचं तोंड खाली असावं आणि वर झाकण असावं. टाकीत पाण्याचा अंश असेल तर रेग्युलेटर आतूनही गोठतो; त्यावर टाकीत मेथॅनॉल घालणं हे पुरवठादाराचं काम आहे.

टाकीजवळ लोखंडी फावडं अजिबात नको. बर्फाखाली दडलेली नळी किंवा झाकण एका ठोक्यात तुटतं. थंडीआधीच टाकीशेजारी बर्फाच्या अपेक्षित पातळीपेक्षा उंच काठी रोवून ठेवा. आणि छपरावरचा बर्फ जिथे घसरून पडतो, तिथे रेग्युलेटर नसावा.

टक्क्यांचा फसवा हिशेब

टाकीचा काटा टक्के दाखवतो आणि टाकी 80 टक्क्यांपर्यंतच भरतात, कारण द्रवाला फुगायला जागा लागते. थंडीत उलट होतं: 15 अंशांना 40 टक्के दाखवणारा काटा उणे 20 ला 37 च्या आसपास येतो, गॅस वापरला नाही तरी. गळती आहे असं लगेच समजू नका, पण झपाट्याने उतरला तर शोध घ्या.

हिशेब सोपा आहे. एक लिटर प्रोपेनमध्ये साधारण 7 किलोवॅट-तास ऊर्जा असते. 24 किलोवॅटचा फर्नेस तासाला सुमारे 3.4 लिटर खातो. कडाक्याच्या दिवशी तो 16 तास चालला तर 54 लिटर गेले. 1,000 लिटरच्या टाकीत 30 टक्के असतील, आणि तळाचे 10 टक्के हात न लावता ठेवायचे असतील, तर हातात 200 लिटर म्हणजे जेमतेम पावणेचार दिवस. वादळात रस्ता तेवढे दिवस बंद राहू शकतो. म्हणून वादळाचा अंदाज येताच 30 टक्क्यांच्या वर असतानाच ऑर्डर द्या, आणि टँकरला टाकीपर्यंत यायची वाट मोकळी ठेवा.

गॅस आहे, पण फर्नेस चालत नाही

प्रोपेनचा फर्नेस पंख्यासाठी आणि नियंत्रण सर्किटसाठी विजेवर अवलंबून असतो. वीज गेली की टाकी भरलेली असूनही तो थंड. सतत पेटत्या पायलटवर (छोट्या ज्योतीवर) चालणारा व्हेंट असलेला स्पेस हीटर, ज्याचं नियंत्रण पायलटच्या उष्णतेतून मिळणाऱ्या काहीशे मिलिव्होल्टवर चालतं, तो मात्र विजेविना चालतो. वारंवार वीज जाते तिथे असा एक तरी हीटर असावा.

जनरेटर लावल्यावर एक बिघाड हमखास चकवतो. फर्नेस पेटतो, काही सेकंद जळतो, विझतो. दोनतीनदा असं झालं की लॉक होतो. माणसं गॅसचा दाब तपासत बसतात. खरं कारण बऱ्याचदा जनरेटरच्या जोडणीत असतं. ज्योत आहे की नाही हे फर्नेस ज्योतीतून जमिनीकडे वाहणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावरून ओळखतो. जनरेटरचा न्यूट्रल अर्थिंगशी जोडलेला नसेल तर तो प्रवाह दिसत नाही. ही जोडणी इलेक्ट्रिशियननेच करावी, तीही ट्रान्सफर स्विचसह (घराची जोडणी बाहेरच्या तारांवरून जनरेटरकडे वळवणारा स्विच). भिंतीतल्या सॉकेटमधून वीज उलटी सोडू नका. बाहेर तारांवर काम करणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

गॅस सुरू करताना व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तर अतिप्रवाह रोखणारी यंत्रणा अडकते आणि ज्योत मंद राहते. सगळं बंद करा, काही मिनिटं थांबा, मग व्हॉल्व्ह हळू उघडा.

वासावर पूर्ण विसंबणं

प्रोपेनला स्वतःचा वास नाही. त्यात इथिल मर्कॅप्टन मिसळतात. माती हा वास शोषते, नव्या टाकीतला गंज तो कमी करतो, सर्दीने किंवा वयाने नाक कमी पडतं, आणि काही वेळ वासात राहिलं की नाकाला तो जाणवेनासा होतो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असल्याने तळघरात साचतो. म्हणून प्रोपेनचा स्वतंत्र डिटेक्टर जमिनीलगत लावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याला ओळखत नाही. वास शोधतानाही जमिनीपाशी वाकून घ्या.

वास आला तर:

- ज्योत विझवा, पण कुठलाही स्विच चालू किंवा बंद करू नका, आतून फोनही लावू नका.
- सगळ्यांना बाहेर काढा.
- वाटेत धोका नसेल तरच टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा.
- लांब जाऊन फोन करा आणि तपासणी झाल्याशिवाय आत जाऊ नका.

साबणाच्या पाण्याने गळती शोधायची सवय असेल तर शून्याखाली ते गोठतं आणि बुडबुडे दिसत नाहीत. थंडीसाठी बनवलेला गळतीशोधक द्रव वापरा.

टाकी पूर्ण रिकामी झाली असेल तर गॅस भरल्यावर स्वतः पायलट पेटवू नका. मधल्या काळात कुठला तरी व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असू शकतो. आधी तंत्रज्ञाकडून पूर्ण पाइपलाइनची गळतीचाचणी करून घ्या, मग तोच एकेक उपकरण पेटवेल. वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडालेला गॅस कंट्रोल व्हॉल्व्ह मात्र वाळवून वापरू नका. तो बदलावाच लागतो.