लिंबू लाल झालं, तर आधी काय करावं

पालख्या पुण्यातून सासवड आणि लोणीच्या वाटेला लागल्या, त्याच आठवड्यात माझी धाकटी जाऊ घरी आली. पिशवीतून तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लिंबू काढलं आणि ओट्यावर ठेवलं. कापलेलं, आतून लाल. कोणा महाराजांनी तिच्यावरून सात वेळा उतरवून ते कापलं होतं. "ताई, बाधा निघाली म्हणाले. आता एकवीस दिवस थायरॉईडची गोळी बंद, फक्त अंगारा."

मी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत 31 वर्षं सहायक होते. घरात रोज पूजा असते, संध्याकाळी हरिपाठ होतो, आणि दरवर्षी आळंदीपासून भवानी पेठेतल्या मुक्कामापर्यंत मी माउलींच्या पालखीमागं चालते. असा प्रसंग तुमच्याही घरी येऊ शकतो, म्हणून त्या दुपारी काय केलं ते सांगते.

गोळीचं आधी बघा. बाकी सगळं नंतर. चमत्कार खरा की खोटा हे ठरवायला आठ दिवस लागले तरी बिघडत नाही, पण औषध आठ दिवस थांबलं तर बिघडू शकतं. मी तिला म्हटलं, "अंगारा घे, मी अडवत नाही. पण गोळी कुणाच्या सांगण्यावरून सुरू केली होतीस? मग बंद करायची की नाही तेही त्यांनाच विचारू." तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. गोळी चालू ठेवा, एवढंच ते बोलले. अंगाऱ्यावरून वाद घातला असता, तर ती तिथूनच उठून गेली असती, हे मला ठाऊक होतं.

मग चहा टाका आणि सगळी हकीकत पहिल्यापासून ऐका. मध्ये तोंड घालू नका. लिंबू कुणी आणलं? तिनंच, मंडईतून. सुरी कुणाची? महाराजांची. कापलं कुणी? त्यांनीच. कापायच्या आधी सुरी कुणी हातात घेऊन पाहिली का? नाही. ही उत्तरं मी फोनच्या वहीत तिच्याच शब्दांत लिहून घेतली. हे लिहून घेणं फार महत्त्वाचं. दोन दिवसांनी तीच गोष्ट सांगताना माणूस नकळत ती नीटनेटकी करतो, आणि नेमका सुरीचा तपशील गळून पडतो.

यानंतरचं काम सगळ्यात नाजूक. सांगणाऱ्याच्या एका वाक्यात तीन-तीन वाक्यं दडलेली असतात, ती सुटी करायची. इथं पहिलं होतं, लिंबू आतून लाल झालं. दुसरं, ते बाधेमुळं झालं. तिसरं, म्हणून गोळी बंद करायची. पहिलं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि ते खरंच होतं. "काहीतरीच काय, असं होतच नाही" म्हणणारे भाऊजी इथंच चुकले होते. बायकोनं पाहिलेलं त्यांनी खोटं ठरवलं आणि दोघांचं बोलणं बंद झालं. पाहिलेलं मान्य करा. पाहिल्यावर जो अर्थ लावला, तो तपासायचा असतो.

तपासण्याआधी एक प्रश्न विचाराच: "काय दिसलं, तर तुला वाटेल की हे बाधेशिवायही होतं?" आधी विचारलं नाही, तर प्रयोग झाल्यावर प्रत्येक वेळी नवी पळवाट निघते. ती विचार करून म्हणाली, "तुमच्या हातून, आपल्या घरातलं लिंबू लाल झालं तर."

देवघरात गणपतीला वाहिलेली लाल जास्वंद होती. आदल्या दिवशीची, निर्माल्यात जाणारी. तिच्या चार-पाच पाकळ्या मी सुरीच्या पात्याला दोन्ही बाजूंनी चोळल्या. चिकट, जांभळट डाग पडला. वाळू दिला. वाळल्यावर पातं नुसतं मळकट वाटत होतं. दुसरी सुरी घासून, पुसून तिच्याच हातात दिली. टोपलीतून दोन लिंबं तिनं निवडली. तिच्या सुरीनं कापलेलं लिंबू रोजच्यासारखं. माझ्या सुरीनं कापलेल्या लिंबाच्या फाकेवर पात्याच्या कडेनं लाल रस उमटला आणि ओट्यावर एक थेंब पडला. जास्वंदीतला रंग आंबटाशी गाठ पडली की लाल होतो, एवढीच गोष्ट. पात्याला मिथाइल ऑरेंज, म्हणजे प्रयोगशाळेत आम्ल ओळखायला वापरतात तो रंग, लावून वाळवलं तर रंग आणखी भडक येतो. दुसऱ्या, स्वच्छ सुरीचा कंटाळा कधी करू नका. ती नसती, तर जाऊ म्हणाली असती की लिंबंच तशी होती.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनी मला फसवलं?"

इथं जीभ आवरा. मी त्यांची सुरी पाहिली नव्हती. आम्हाला कळलं होतं ते इतकंच, की बाधा नसतानाही लिंबू लाल होतं, तेव्हा लाल लिंबावरून बाधा ठरवता येत नाही. मी तेवढंच सांगितलं. पुराव्यानं जितकं दाखवलं त्याहून वीतभरही जास्त बोलू नये, आपली बाजू बरोबर असली तरीही.

गणपती दूध प्यायला लागल्याची बातमी देशभर पसरली, तो 21 सप्टेंबर 1995 चा गुरुवार मला लख्ख आठवतो. रांगेत उभं राहून मीही चमचा सोंडेला लावला होता, आणि दूध खरोखर ओढलं गेलं. अंगावर काटा आला. तो काटाही खराच होता. घरी येऊन पितळेची मूर्ती ओली केली, दुधात कुंकू कालवलं आणि चमचा टेकवला. सोंडेवरून, पोटावरून लालसर ओघळ हळूहळू ताम्हनात उतरताना दिसला. पांढरं दूध पातळ थरानं वाहतं तेव्हा तो ओघळ डोळ्याला सापडत नाही. पृष्ठताणामुळं दूध चमच्यातून ओल्या मूर्तीकडं ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी त्याच मूर्तीची मी त्याच भावानं पूजा केली. दूध पिण्यावर माझी पूजा कधी टेकलेलीच नव्हती.

काही दावे ओट्यावर तपासता येत नाहीत, तिथं मोजावं लागतं. नवसाचंच घ्या. ज्याचा नवस फळला तो पेढे घेऊन येतो, सगळ्या वाड्याला सांगतो. ज्याचा फळला नाही तो कुणाला सांगत नाही. म्हणून "माझ्या ओळखीत पाच जणांना गुण आला" हे कानावर आलं, की विचारायचं: गेले किती होते? मोजणी कशी करावी याचा चांगला नमुना आपल्या पुण्यातच आहे. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचे संस्थापक जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये ज्योतिषांची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या 100 आणि बौद्धिकदृष्ट्या मागे असलेल्या मुलांच्या 100 कुंडल्या मिसळल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला 40 पाठवल्या. कुंडली कोणत्या मुलाची, ते ओळखायचं. 27 जणांची उत्तरं आली. बरोबर उत्तरांची सरासरी 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी साधारण निम्मी बरोबर आली असती. मूल समोर नाही, आईचा चेहरा नाही, बोलण्यातून धागा काढायला वाव नाही. घरीही हेच करता येतं: भविष्य आधी तारखेसह लिहून पाकिटात बंद करायचं, चुकलेलंही तितक्याच प्रामाणिकपणे मोजायचं.

त्या चाचणीत नरेंद्र दाभोलकरही होते. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला. त्या पुलावरून जाताना आजही माझे पाय जड होतात. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना तो हातही लावत नाही. कुणी पैसे उकळत असेल, मारहाण करत असेल, तर लिंबं कापत बसू नका, सरळ पोलीस चौकी गाठा.

आणि जिथं दावाच नाही, तिथं सुरी काढू नका. पहाटे आळंदीहून निघाल्यावर, दिघीच्या पुढं पाय दुखायला लागतात तेव्हा अनोळखी बाई माझी पिशवी घेते आणि "माउली" म्हणते. मी तिच्यात विठ्ठल पाहते. याला मी पुरावा देणार नाही, मागणारही नाही, कारण त्यावरून मी कुणाची गोळी बंद करत नाही. पण मला चालून शांत वाटतं, म्हणून माझं प्रत्येक म्हणणं खरं, असंही मी म्हणू शकत नाही. शांत वाटलं हे खरं. त्यातून पुढं काय निघतं, ते वेगळं वाक्य, आणि ते कुणी तपासायला आलं तर मी दार लावून घेणार नाही.

तिन्हीसांजेला जाऊनं विचारलं, "मग आता हरिपाठाला बसू का नको?" मी तिला टाळ दिले. रात्री ती आमच्याकडंच राहिली. सकाळी सहाला उठून पाहिलं तर ती स्वयंपाकघरात उभी होती, अनशेपोटी घ्यायची गोळी तळहातावर ठेवून पेला शोधत.