पाळकीय सेवा : या चुका टाळा

पाळक, म्हणजे ख्रिस्ती मंडळी सांभाळणारा धर्मसेवक, थकतो तो कामाने कमी आणि एकट्याने ओढल्याने जास्त. उपदेश, घरभेटी, अर्पणाचा (उपासनेत जमणाऱ्या पैशांचा) हिशेब, हॉलची चावी, पेटी वाजवणाऱ्याला फोन, सगळं त्याच्याकडेच. मंडळीलाही (उपासनेला जमणाऱ्या लोकांनाही) सवय होते. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात सासरा इथ्रो मोशेला हेच बजावतो: तूही झिजशील, लोकही थकतील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेम. चाळीस घरांची मंडळी असेल तर दहा-दहा घरांमागे एक वडील (मंडळीतला ज्येष्ठ, जबाबदार माणूस) किंवा जाणती ताई ठरवा. आजारपण, नोकरी गेल्याची खबर आधी त्यांच्याकडे यावी. बहुतेक ठिकाणी ही व्यवस्था मोडते ती काम दिलं पण अधिकार दिला नाही म्हणून. वडील घरी जाऊन आले आणि मागोमाग पाळकसाहेब तेच विचारायला गेले की पुढच्या वेळी वडिलांना कोणी काही सांगत नाही. सोमवार सुट्टीचा असेल तर उपासनेत तसं जाहीर करा आणि त्या दिवशी फोन कोण घेणार तेही सांगा. पाळकीणबाईंना, म्हणजे पाळकाच्या पत्नीला, बिनपगारी कार्यकर्ती धरू नका. त्यांना विचारूनच काम द्या.

पैशात चूक बेइमानीपेक्षा घाईने जास्त होते. कुणाला तातडीने दवाखान्यात न्यायचं म्हणून अर्पणातले 500 काढले, लिहायचं राहिलं, आणि सहा महिन्यांनी त्याच पाचशेवरून मंडळी फुटली. अर्पण पाळकाने मोजूच नये. नात्यात नसलेल्या दोघांनी उपासना संपताच मोजावं, 500 च्या किती, 200 च्या किती हे वहीत लिहून दोघांनी सही करावी. सोमवारी रक्कम मंडळीच्या खात्यात जावी. मदतनिधी वेगळा, त्याची पावती वेगळी, आणि दर तीन महिन्यांनी हिशेब सर्वांपुढे वाचावा.

सर्वात खोल जखम करते ती बोलकी प्रार्थना. ‘एका बंधूची दारू सुटावी म्हणून प्रार्थना करूया’ असं म्हटलं की नाव न घेताही छोट्या मंडळीत सगळ्यांची नजर एकाच बाकाकडे वळते. विनंती मोठ्याने वाचायची की नाही हे आधी त्या माणसाला विचारा. घरभेटीत ऐकलेलं उपदेशात उदाहरण म्हणूनही आणू नका. पण गुप्ततेला मर्यादा आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन. असं प्रकरण ‘मंडळीतच मिटवणं’ म्हणजे त्या मुलाला दुसऱ्यांदा एकटं सोडणं.

गोव्यात आणखी एक चूक वारंवार दिसते. रविवारी सकाळी दहाला न येणाऱ्याला ‘विश्वासात थंड पडला’ म्हणतात. वेर्ण्याच्या कारखान्यात शिफ्ट असते, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत हंगामात रविवारीच गर्दी. त्यांना विचारून आठवड्यातली एक संध्याकाळ धरा आणि महिन्यातून एकदा प्रभुभोजनही (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) तिथेच द्या. भाषेचंही तसंच. घरात मराठी-कोकणी मिसळून बोलणाऱ्या मुलांना पुस्तकी उपदेश डोक्यावरून जातो. इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचं 1616 मध्ये गोव्यातल्या राचोलला छापलेलं क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणारं काव्य, मराठी ओवीत होतं, आणि त्यातही त्यांनी इथल्या बोलीचे शब्द मिसळले होते.

लग्नाची तारीख देण्याआधी सिव्हिल रजिस्ट्रारचे कागद बघा. गोव्यात विवाहनोंदणी सक्तीची आहे. आधी इच्छेचं निवेदन आणि मग पुन्हा येऊन सह्या, अशा दोन फेऱ्या होतात. महाराष्ट्रातून नवे आलेले पाळक इथे अडकतात आणि पत्रिका छापून झालेल्या असतात.

आजाऱ्याच्या घरी वीस मिनिटं पुरे. उभं राहून बोलू नका, खाटेशी खुर्ची ओढून बसा, प्रार्थना करू का असं विचारा, आणि लांब उताऱ्याऐवजी बायबलमधलं स्तोत्र 23 सावकाश वाचा. पुष्कळदा दिवसभर न बोललेली आजी ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ ऐकताच पुढची ओळ स्वतःच म्हणते. तिथे वाचन थांबवा आणि तिला म्हणू द्या.